नवतपात टिकेल ते गवत

घरापुढच्या हिरवळीचे गवत पारखायचे असते मे महिन्यात, आणि आपण ते निवडतो ऑगस्टमध्ये. चूक इथूनच सुरू होते. पावसाळ्यात नागपुरातल्या कुठल्याही नर्सरीत जा, तिथली गवताची प्रत्येक लादी सारखीच ताजी आणि सारखीच गच्च दिसते. हवेत ओलावा असतो, आकाश ढगाळलेले असते, पाणी वरून फुकट पडत असते. त्या दिवसांत नाजूक गवतही तरारते आणि राकट गवतही. सक्करदरा, रघुजीनगर, हनुमाननगर, मानेवाडा, दिघोरी या पट्ट्यातल्या लेआउटमध्ये घर बांधून झाले आणि फाटकापासून व्हरांड्यापर्यंत दोनशे ते पाचशे चौरस फुटांचा तुकडा उरला, की तिथे लॉन हवे असे घरातल्या कुणाला तरी वाटते. माळी सुचवेल ते ‘मेक्सिकन’ गवत येते. दिवाळीपर्यंत शेजारीपाजारी कौतुक करतात, मार्चमध्ये कडा पिवळ्या पडू लागतात, आणि रोहिणी लागून नवतपा सुरू झाला की मधोमध तपकिरी चट्टे उठतात. पुढच्या वर्षी त्या जागेवर सिमेंटचे गट्टू बसतात. मग दोष माळ्याला दिला जातो, नळाच्या पाण्याला दिला जातो, नागपूरच्या उन्हाला तर दिला जातोच. खरा दोष बहुतेक वेळा निवडीचा असतो.

लावणी कशी करावी, पाणी किती आणि केव्हा द्यावे, कापणीची उंची किती ठेवावी, खत कोणते घालावे, हे सारे पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. प्रस्तावनेत एकच प्रश्न घेतो आहे, कारण तो चुकला तर पुढची प्रकरणे वाचूनही काही हाती लागणार नाही. सक्करदऱ्यातल्या साध्या घराने अंगणात कोणते गवत लावावे? माझे उत्तर असे आहे: जिथे दिवसाचे सहा तास थेट ऊन पडते तिथे हरळी, म्हणजे आपली दूर्वाच, किंवा तिच्याच बारीक पानांच्या वाणांपैकी एखादा, आणि जिथे चार तासही ऊन मिळत नाही तिथे गवतच नको. या दोन टोकांच्या मधल्या जागेत मेक्सिकनला स्थान आहे, पण ती जागा नर्सरीवाले सांगतात तेवढी मोठी नाही. हे उत्तर अनेकांची निराशा करील याची मला कल्पना आहे. शेताच्या बांधावर न लावता उगवणारे गवत पैसे मोजून अंगणात का आणायचे, असे कुणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून प्रस्तावना लांबली आहे.

आधी उन्हाचा विचार करू. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो, आणि २५ मेच्या सुमाराला सुरू होणारा नवतपाही त्याच दिवसांतला. पारा ४५ अंशांवर जाणे हे इथे नवल नाही. ४७च्या वर गेल्याच्याही नोंदी आहेत. वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरहून अधिक, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. इथल्या गवताला चार महिने चिखल सोसायचा आणि निदान तीन महिने होरपळ. वनस्पतींच्या बाबतीत या होरपळीचा हिशोब फार मुळाशी जातो. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी उसाच्या पानांवर काम करून कार्बन स्थिर करण्याचा एक वेगळा मार्ग उलगडून दाखवला. त्याला आज ‘सी-४’ म्हणतात. ऊस, मका, ज्वारी या मार्गाने जातात. गहू आणि तांदूळ जुन्या ‘सी-३’ मार्गाने. हवा तापली की सी-३ वनस्पती मिळवलेल्या कार्बनचा काही भाग पुन्हा गमावून बसतात, तर सी-४ वनस्पती कडक उन्हातही कमी पाण्यात वाढ चालू ठेवतात. हिरवळीच्या गवतांचीही अशीच वाटणी झाली आहे. केंटकी ब्लूग्रास, राय, फेस्क्यू ही गव्हाच्या जवळच्या नात्यातली गवते साधारण १५ ते २४ अंशांत खुलतात. हरळी आणि झॉयशिया (‘मेक्सिकन’ म्हणून बहुधा विकले जाते ते) सी-४ गटातल्या. त्यांना २७ ते ३५ अंशांची हवा मानवते. विदर्भातला कुठलाही शेतकरी गहू रब्बीतच पेरतो, चैत्रात पेरीत नाही. तरीही परदेशी बागेचे चित्र छापलेले ब्लूग्रासचे पाकीट ऑनलाइन मागवले जाते. ते बी नोव्हेंबर-डिसेंबरात सुरेख उगवते, आणि म्हणूनच ते फसवे आहे, कारण एप्रिल उजाडेपर्यंत त्याचा अंत ठरलेला असतो. तेव्हा या गटाचा विचार इथेच संपवून खरी निवड उरलेल्यांतून करायला हवी.

हरळी जरा जवळून पाहण्यासारखी आहे. मैदानाच्या कडेची एक काडी उचलून हातात घ्यावी. जमिनीला चिकटून धावणारी ती काडी थोड्या थोड्या अंतरावर पेराशी थांबते; पेराच्या खालच्या अंगाने पांढरी मुळे सुटतात आणि वरच्या अंगाने पानांचा फुटवा येतो. काडीचे चार तुकडे केले तर पेर असलेला प्रत्येक तुकडा स्वतंत्र रोप होऊ शकतो. दूर्वेला उद्देशून म्हटल्या जाणाऱ्या वैदिक मंत्रात तिच्या कांड्याकांड्यातून फुटण्याचा उल्लेख आहे, तो या नेमक्या निरीक्षणावर आधारलेला आहे. पण हरळीचा खरा जीव दिसतो त्याच्या खाली असतो. जमिनीत आणखी एक खोड आडवे पसरलेले असते, पांढरट, खवल्यांनी झाकलेले, टोकाला सुईसारखे. अशा खोडांना शेतकरी काशा म्हणतात. वरची पाने वाळली, जनावरांनी खाल्ली, कुणी जाळली, तरी या काशांत साठवलेल्या अन्नावर गवत पुन्हा उभे राहते. काळ्या रानातला शेतकरी हरळीला आणि कुंद्याला वचकून असतो तो या गुणामुळेच. नांगराच्या फाळाने काशा तुटल्या की त्या कमी होत नाहीत, वाढतात; म्हणून त्या कुदळीने खणून काढायच्या, वेचायच्या आणि उन्हात वाळवून जाळायच्या, हे पूर्वापार चालत आलेले कष्टाचे काम. आता हिरवळीकडून आपण काय अपेक्षा करतो ते पाहा. आठवड्याला तिची पाने कापायची, तिच्यावरून चालायचे, मुलांनी खेळायचे, सुटीत गावाला गेलो तर आठ-दहा दिवस पाणी चुकवायचे, आणि तरीही तिने टिकायचे. शेतात ज्या कारणासाठी हे गवत नको असते, नेमक्या त्याच कारणासाठी ते अंगणात हवे.

माती हा दुसरा पुरावा, आणि नर्सरीत त्याची चर्चा सहसा होतच नाही. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे मुख्यालय नागपुरातच आहे. काळ्या मातीच्या अभ्यासाला यापेक्षा योग्य गाव शोधून सापडले नसते. या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते. पावसाळ्यात ती पायाला चिकटते, उन्हाळ्यात तिला बोट शिरेल एवढ्या भेगा पडतात. भेग पडताना उथळ, नाजूक मुळे तुटतात. हरळीची मुळे खोल उतरतात आणि काशा आडव्या विणल्या जातात, त्यामुळे भेगेच्या दोन्ही काठांवर जिवंत पेरे शिल्लक राहतात. घर बांधताना पायातून निघालेला मुरूम, विटांचे तुकडे, सांडलेले सिमेंट हेही बहुधा त्याच अंगणात गाडले जाते, आणि त्याने आधीच विम्ल असलेली माती आणखी विम्ल होते. यावर रूढ उपाय म्हणजे लाल मातीची ट्रॉली आणून काळ्या मातीवर दोन-तीन इंचांचा थर पसरायचा आणि त्यावर लाद्या अंथरायच्या. दिसायला हे काम नीटनेटके होते, पण ते मुळातच चुकीचे आहे. दोन वेगळ्या पोतांच्या मातींचा थरावर थर ठेवला की त्यांच्या सांध्यावर पाणी अडते. पावसाळ्यात वरचा थर भिजून चिंब राहतो आणि मुळे कुजतात. जी वाचतात ती खाली काळ्या मातीत न उतरता त्या तीन इंचांतच घोटाळतात, आणि मे महिन्यात सगळ्यात आधी वाळतात ते नेमके तेच तीन इंच. लाल माती, वाळू, कुजलेले शेणखत काय घालायचे ते काळ्या मातीत सहा-आठ इंच खोलवर खणून मिसळले पाहिजे. हे कष्टाचे काम आहे, आणि ते टाळले तर कुठलेच गवत पुढे साथ देत नाही. हरळी तेवढी तग धरते.

मातीच्या विम्लतेमुळे आणखी एक उमेदवार बाद होतो. रुंद पानांचे, मऊ, सावलीतही वाढणारे कार्पेट गवत कोकणात आणि गोव्यात फार सुंदर दिसते. तिथली जांभ्याची माती आम्लधर्मी, हवा दमट, पाऊस भरपूर. या गवताला हवे ते सगळे तिथे आहे. नागपूरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीचा सामू सहसा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस घालून फवारले की थोडे दिवस रंग परततो, मग पुन्हा जातो. जे गवत वर्षानुवर्षे औषधावर जगवावे लागते ते त्या मातीचे नव्हेच. मुंबई-गोव्याच्या बागांची छायाचित्रे पाहून इथले गवत ठरवणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

पाण्याचा हिशोब मांडला की चित्र आणखी स्पष्ट होते. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. मे महिन्यातल्या कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी हरळी हिरवी ठेवायला काटकसरीने ५ मिलिमीटर धरले, तर ५०० चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे साडेसेहेचाळीस चौरस मीटरच्या अंगणाला रोज २३० लिटर लागतात. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. म्हणजे ते अंगण जवळजवळ पावणेदोन माणसांचे पाणी पिते, आणि कूलरचे पाणी याहून वेगळे. नागपूरचे पाणी मुख्यतः पेंच आणि कन्हानमधून येते. २०१९च्या जुलैत पेंचवरच्या तोतलाडोह धरणाचा साठा तळाला गेल्यावर महापालिकेला दिवसाआड पाणी देण्याची पाळी आली होती. अशा वेळी लॉनवर नळी धरून उभे राहणे शेजाऱ्यालाही खुपते आणि आपल्यालाही खुपले पाहिजे. म्हणून मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा आकडा: गवत हिरवे ठेवायला किती पाणी लागते हा नव्हे, तर ते नुसते जिवंत ठेवायला किती लागते हा. पाने सुकू देऊन काशा तेवढ्या जगवायच्या ठरवल्या, तर हरळीला दहा दिवसांतून एकदा खोल भिजवण पुरते. २० मिलिमीटर धरले तर त्याच अंगणाला एका वेळी ९३० लिटर, रोजच्या हिशोबात ९३. विहिरीचे किंवा बोअरचे जड, किंचित खारट पाणीही ती बऱ्यापैकी सोसते. कार्पेट गवताला अशी उपासमार झेपत नाही, आणि झॉयशिया झेलते पण त्यातून सावरायला फार वेळ घेते.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो: उन्हाळ्यात तपकिरीच व्हायचे असेल, तर हिरवळ कशाला म्हणायचे? आक्षेप खरा आहे, पण त्यामागे बारमाही हिरवेपणाची जी कल्पना आहे ती इथली नाही. सपाट, कापलेली, बाराही महिने हिरवी हिरवळ ही इंग्लंडच्या थंड, रिमझिम हवेतली गोष्ट. तिथेच १८३० साली ग्लॉस्टरशरमध्ये एडविन बडिंगने गवत कापण्याचे यंत्र बनवले, आणि पुढे ती चाल साहेबाबरोबर सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांपर्यंत आली. त्या बंगल्यांना मोठे आवार होते आणि पाणी घालायला माणसे होती. सक्करदऱ्याच्या पंधराशे चौरस फुटांच्या प्लॉटला यातले काहीच नाही. विदर्भातली माळराने, बांध, मैदाने उन्हाळ्यात पिवळी पडतात आणि मृगाच्या सरींनंतर काही दिवसांत पुन्हा हिरवी होतात. याला आपण मरण म्हणत नाही. एप्रिल-मेमध्ये सहा-सात आठवडे अंगण पिवळसर राहिले, तर ते त्या ऋतूतले त्याचे रूप आहे. ज्यांना ते पाहवत नाही त्यांनी बाकीचे अंगण वाळू द्यावे आणि बसण्या-उठण्याच्या जागेजवळचा शंभर चौरस फुटांचा तुकडा तेवढा रोज पाणी देऊन हिरवा राखावा. त्याला रोज सेहेचाळीस लिटर लागतील. हा मध्यममार्ग माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा आहे.

दुसरा आक्षेप दिसण्याचा. हरळी विरळ, राठ, रानटी दिसते, मेक्सिकन गालिच्यासारखे दिसते. न कापलेली, न पोसलेली हरळी राठ दिसते हे मान्य. पण दर आठवड्याला इंच-सव्वा इंचावर कापलेली, पावसाळ्यात दोनदा नत्र मिळालेली हरळी दुसऱ्या वर्षी ओळखू येत नाही, इतकी दाटते. बारीक पानांचाच आग्रह असेल तर ‘सिलेक्शन नंबर वन’ या नावाने मिळणारा वाण हरळीच्याच जातीचा आहे. ‘बर्म्युडा’ असे छापलेल्या महाग पाकिटातले बीही त्याच जातीचे, हे ग्राहकाला ठाऊक असावे. टिफवे, टिफड्वार्फ हे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे तयार झालेले संकर. हरळी आणि तिच्या आफ्रिकी भाऊबंदाच्या संकरातून आलेले, वांझ, म्हणून काड्यांनीच लावावे लागणारे. क्रिकेटच्या आणि गोल्फच्या मैदानांना ते शोभतात. घरी त्यांची कापणी आणि खुराक निभावणे अवघड जाते.

मेक्सिकन म्हणून आपल्याकडे विकले जाते ते बहुतेक ठिकाणी झॉयशिया असते, मूळचे पूर्व आशियाकडचे. त्याच्यावर अन्याय करायचा नाही. ते गच्च होते, तण दाबते, हरळीपेक्षा कमी वेळा कापावे लागते, आणि चार-पाच तासांच्या उन्हावर भागवते. वयस्क जोडप्याचे घर असेल, अंगणात धावणारी मुले नसतील, दुपारनंतर कडुलिंबाची विरळ सावली येत असेल आणि माती नीट मिसळून निचरा केलेला असेल, तर मेक्सिकन लावायला माझी ना नाही. पण त्याची वाढ मंद आहे. स्कूटर चढली, कुत्र्याने उकरले, बांधकामाची वाळू महिनाभर पडून राहिली, तर पडलेला खड्डा भरायला त्याला एखादे वर्षही लागू शकते. हरळी तो एका पावसाळ्यात भरते. काही बारीक प्रकार तर गाद्यांसारखे उंचवटे करतात, त्यांच्या आत वाळक्या काड्यांचा थर साचतो आणि पाणी वरून ओघळून जाते. पानांची टोके ताठ असल्याने अनवाणी पायाला ती टोचतात, हेही लाद्या विकत घेण्याआधी चपला काढून पाहावे.

आता सावलीकडे वळू, कारण सक्करदऱ्यात सर्वाधिक लॉन सावलीने मरतात असे मला वाटते, उन्हाने नव्हे. इथल्या एकमजली घरांच्या जागी तीन-चार मजले उठत आहेत, आणि त्यांच्या भिंतींच्या सावलीचे गणित ऋतूप्रमाणे बदलते. जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा भिंतीची सावली जवळजवळ पडतच नाही. २१ डिसेंबरला नागपुरात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच चढतो, म्हणजे तीस फूट उंच इमारतीची सावली उत्तरेकडे सुमारे तीस फूट पडते, आणि तीही भर दुपारी. आपल्याकडे उत्तरमुखी घराला पसंती असते. अशा घराच्या पुढच्या अंगणावर हिवाळाभर त्याच घराची सावली असते. उन्हाळ्यात पाहणी करून ‘इथे भरपूर ऊन आहे’ असे म्हणणारा मालक खोटे बोलत नाही, पण त्याने अर्धेच वर्ष पाहिलेले असते. थंडीने आधीच मंदावलेली हरळी त्या सावलीत लांबट, फिकट होते, विरळ पडते आणि तिच्या जागी शेवाळ येते. म्हणून उष्णतेची कसोटी मे महिन्यात आणि सावलीची डिसेंबरात घ्यावी. नाताळच्या सुमाराच्या एका सुटीच्या दिवशी सकाळी आठपासून दर तासाला अंगणातल्या सावलीच्या कडेला चुन्याची रेघ मारावी. संध्याकाळी जो भाग सहा तास उन्हात होता तो हरळीचा, चार ते सहा तासांचा मेक्सिकनचा, आणि उरलेल्यात सिंगोनियम, क्लोरोफायटम, कुंड्या किंवा सांधे उघडे ठेवलेली फरशी. आंब्याच्या दाट झाडाखाली गवत आणण्याचा अट्टाहास करू नये; झाड तोडून लॉन करण्याचा विचार तर मनातही आणू नये.

हरळीविरुद्ध दोन आक्षेप असे आहेत, की त्यांना मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही, फक्त मर्यादा घालू शकतो. ती गुलाबाच्या वाफ्यात घुसते. काशा विटांच्या फटींतून पलीकडे निघतात, म्हणून वाफ्याच्या कडेला आठ-नऊ इंच खोल सलग अडसर घालावा लागतो आणि तरीही महिन्यातून एकदा कडा छाटाव्या लागतात. दुसरे, तिचे परागकण अनेकांना ऍलर्जी देतात. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर फुलोऱ्याच्या काड्या वर येण्याआधी नियमाने कापणी झालीच पाहिजे, आणि ती होणार नसेल तर आधी डॉक्टरांना विचारून मगच लावणीचा निर्णय घ्यावा.

हा सगळा खटाटोप टाळून प्लास्टिकचे गवत अंथरावे, असे सुचवणारे आता वाढले आहेत. अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ साली कृत्रिम मैदानाचे तापमान मोजले गेले, तेव्हा त्याचा पृष्ठभाग डांबरापेक्षाही तापलेला आणि खऱ्या गवताहून ४५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम आढळला. नागपूरच्या मेमध्ये अशा अंगणावर लहान मूल पाय ठेवू शकणार नाही. गट्टूंचे म्हणाल तर ते दिवसभर तापतात आणि रात्री ती उष्णता खिडकीतून घरात सोडतात, शिवाय पावसाचे पाणी जवळपास सगळे रस्त्यावर ढकलतात. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्त्यांत शिरली. चार अंगणे मऊ असती तर तो पूर टळला असता असे मी म्हणणार नाही. काळी माती भिजल्यावर पाणी फार हळू जिरवते. पण प्रत्येक अंगण सिमेंटचे झाले की साधी सरही गटार तुंबवते, आणि सक्करदरा तलावाच्या भोवतालच्या वस्तीने पाणी जिरायला जागा ठेवणे हे तिच्या स्वतःच्या हिताचे आहे. ज्यांना लॉनच नको त्यांनी जुने मातीचे अंगण ठेवावे, सडा घालावा, तुळस लावावी; ते गट्टूंपेक्षा कितीतरी चांगले. पण ज्यांना पायाखाली गवत हवे आहे, त्यांना ते माफक पाण्यात मिळू शकते, आणि गणेशोत्सवात दूर्वांच्या जुड्या बाजारातून आणाव्या लागत नाहीत, हा लाभ वेगळा.

लाद्या विकत घेण्याआधी एक गोष्ट करावी. आपल्याच वस्तीत, निदान दोन उन्हाळे काढलेली हरळीची हिरवळ शोधावी. एखाद्या शाळेचे आवार असेल, देवळाचे असेल, ओळखीच्या घराचे असेल. मालकाची परवानगी घेऊन कापणीच्या वेळी तिच्या कडेच्या धावत्या काड्या मागून घ्याव्यात, आणि मृगाचा पाऊस पडून माती दोन-तीनदा भिजल्यावर त्यांचे पेरांसह तुकडे वीतभर अंतरावर टोचावेत. पोतेभर काड्यांत लहान अंगण सहज भागते. लावण्याआधी प्रत्येक मूठ पसरून तिच्यात लव्हाळ्याच्या काळ्या गाठी नाहीत ना, एवढे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे, कारण एकदा अंगणात आलेला लव्हाळा काढण्यासाठी पुढे एक स्वतंत्र प्रकरण लिहावे लागले आहे.